सूचिवेध-चिकित्सा : जुना उपचार, नवी कसोटी

मुंबईहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग नागपूर मागे टाकून गोंदिया, राजनांदगाव आणि दुर्ग ह्या स्थानकांवरून भिलाईस पोहोचतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या कारखान्याभोवती जी विस्तीर्ण वसाहत उभी राहिली, तिचाच एक भाग म्हणजे रिसाली. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि विदर्भ हे दोन्ही एकाच प्रांतात होते व त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे चाकरीनिमित्त ह्या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रदेश कधी फारसा परका वाटला नाही.

अशा श्रमिकांच्या वसाहतीत नेहमीची दुखणी कोणती, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. वर्षानुवर्षे ओझे उचलणाऱ्याची कंबर धरते. रात्रपाळी करणाऱ्याला झोप लागत नाही व डोके ठणकते. निवृत्तीच्या सुमारास गुडघे कुरकुरू लागतात. गृहिणींच्या मानेचे आणि खांद्याचे दुखणे तर कोणी मोजतही नाही. ह्यांपैकी बहुतेक दुखणी जीवघेणी नसतात; पण ती माणसाचा पिच्छा सोडत नाहीत. वेदनाशामक गोळीने दोन प्रहर बरे वाटते, आणि ती गोळी वर्षभर घेतली की जठर व मूत्रपिंड तक्रार करू लागतात. असा गांजलेला रोगी मग मालिश, लेप, शेक, भस्मे असे एकेक उपाय करीत अखेरीस केव्हातरी सुईच्या उपचारापाशी येतो. ह्या उपचाराला इंग्रजी नावावरून 'ॲक्युपंक्चर' म्हणतात. मराठीत त्यास 'सूचिवेध' म्हणावयास हरकत नाही. त्याने खरोखर गुण येतो काय, येत असल्यास तो कशामुळे, आणि कोणत्या दुखण्यात त्याच्यावर विसंबणे घातक ठरेल, हे प्रश्न अशा रोग्याच्या दृष्टीने केवळ पंडिती चर्चेचे नाहीत.

सुई भारतात कशी आली

ह्या उपचाराची भारतातील कथा वर उल्लेखिलेल्या लोहमार्गाच्या दोन टोकांशी जोडलेली आहे. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनानी चू-तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे त्या वेळचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने निधी जमला, आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू हे इतर चौघे. पाचांनीही आपल्या नावांच्या चिनी रूपांपुढे 'ह्वा' हे अक्षर लावून घेतले. 'ह्वा' म्हणजे चीन.

डॉ. कोटणीस यांचे पुढील चरित्र महाराष्ट्राला परिचित आहे. १९४१ साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच निवर्तले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. त्यांचे नाव आज अनेक सूचिवेध-केंद्रांना दिलेले आढळते; लुधियाना येथील रुग्णालय हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. मात्र एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. कोटणीस हे शस्त्रवैद्य होते. रणांगणावरील जखमी सैनिकांवर त्यांनी जे उपचार केले, ते आधुनिक शस्त्रक्रियेचे होते, सुयांचे नव्हते. येनानच्या मुलखातील आधुनिक डॉक्टरांनी सूचिवेधाकडे गांभीर्याने पाहावयास सुरुवात केली ती १९४४-४५ च्या सुमारास, म्हणजे कोटणीसांच्या मृत्यूनंतर.

सुई भारतात आणली ती डॉ. बसूंनी. १९४३ साली ते मायदेशी परतले. पुढे १९५० नंतरच्या दशकात त्यांनी पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून घेतली, आणि १९५९ पासून कलकत्त्यात ते तिचा उपयोग करू लागले. भिलाईची पहिली भट्टी पेटली तेही तेच साल. ह्या योगायोगाला काही विशेष अर्थ नाही. पण सन लक्षात ठेवण्यास तो सोयीचा आहे.

खुद्द चीनमध्येही ह्या विद्येचा प्रवास सरळ झालेला नाही, हे सांगणे अगत्याचे आहे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांत सिद्ध झालेल्या 'ह्वांग-ती नेइ-चिंग' ह्या ग्रंथात तिचे विस्तृत विवेचन आहे. तरीही १८२२ साली चिनी सम्राटाने राजवैद्यांच्या शाळेतून तिला काढून टाकले, आणि १९२९ साली चीनच्या तत्कालीन शासनाने सर्वच देशी वैद्यकावर बंदी घालण्याचा घाट घातला होता. लोकांच्या तीव्र विरोधामुळे तो फसला. १९४९ नंतर नव्या राजवटीपुढे कोट्यवधी रोगी आणि मूठभर डॉक्टर असा प्रश्न होता. तेव्हा खेडोपाडीच्या जुन्या वैद्यांना हाताशी धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९५१ साली पेकिंग येथे सूचिवेधाची प्रयोगसंस्था निघाली. तिच्या प्रमुख चू लिएन ह्या आधुनिक वैद्यक शिकलेल्या बाई होत्या. त्यांनी त्याच साली नव्या सूचिविद्येवर ग्रंथ लिहून सुईचा परिणाम मज्जासंस्थेच्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला. आज जो सूचिवेध जगभर दिसतो, तो दोन हजार वर्षे जसाच्या तसा चालत आलेला नसून पुष्कळ अंशी ह्या विसाव्या शतकातील पुनर्रचनेचे फळ आहे.

उपचार कसा होतो

रोग्यास मंचकावर निजवतात. केसाहून थोडी जाड, सुमारे पाव मिलिमीटर व्यासाची भरीव सुई त्वचेत टोचतात. ती इंजेक्शनच्या सुईप्रमाणे पोकळ नसते. तिच्यातून कोणतेही औषध शरीरात जात नाही. भिलाईचे पोलाद रेल्वेच्या रुळांसाठी नावाजलेले आहे. सुईचे पोलाद निराळे, क्रोमियम व निकेल मिसळलेले, न गंजणारे असते. जागेप्रमाणे काही मिलिमीटरांपासून दोन-तीन सेंटिमीटरांपर्यंत सुई आत जाते. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते आणि मग त्या ठिकाणी एक जडपणा, बधिरपणा किंवा मंद कळ जाणवते. चिनी वैद्य ह्या संवेदनेला फार महत्त्व देतात. ती आल्यावाचून सुई लागली असे ते मानीत नाहीत. सुया वीस मिनिटे ते अर्धा तास ठेवतात, मधूनमधून हलक्या हाताने फिरवतात, किंवा त्यांना तारा जोडून अगदी सौम्य विद्युत्प्रवाह देतात. अशा आठ-दहा बैठका होतात.

ह्या विद्येच्या चिनी नावाचा अर्थ 'सुई आणि शेक' असा आहे, आणि तो शेकही मोठा मौजेचा. एका वनस्पतीची वाळलेली पाने कुटून त्यांचा कापसासारखा लगदा करतात व तो पेटवून त्याची ऊब ठरावीक जागी देतात. ही वनस्पती आपल्या दवण्याच्या प्रजातीतील आहे. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा सुवासिक दवणा आणि चिनी वैद्याची शेकाची बत्ती ही अशी भावंडे आहेत.

सुई टोचावयाची ती वाटेल तेथे नव्हे. परंपरेनुसार शरीरात 'छी' नावाची प्राणशक्ती बारा मुख्य व इतर काही वाहिन्यांतून वाहते. ती कोठे अडली वा कमीजास्त झाली की रोग होतो, आणि वाहिन्यांवरील बिंदूंवर सुई टोचून तिचा प्रवाह सुरळीत करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने असे ३६१ बिंदू प्रमाण म्हणून स्वीकारले आहेत. त्यांची नावे काव्यमय आहेत. मनगटाच्या आतल्या बाजूस, वळीपासून तीन बोटांवर 'नेइ-क्वान' म्हणजे 'आतला दरवाजा' आहे. मळमळीवर तो वापरतात. गुडघ्याखाली 'त्सु-सान-ली' आहे. चिनी परंपरेत थकव्यापासून पोटाच्या तक्रारींपर्यंत अनेक गोष्टींसाठी त्याचा उल्लेख येतो.

शवविच्छेदनात मात्र ह्या वाहिन्या कोणालाही सापडलेल्या नाहीत. रक्तवाहिनी दिसते, मज्जातंतू दिसतो. 'छी' वाहून नेणारी नळी दिसत नाही. तेव्हा हे वर्णन शरीररचनेचे न मानता, अनुभवाने सापडलेल्या जागा लक्षात ठेवण्यासाठी जुन्या वैद्यांनी काढलेला नकाशा मानणे अधिक योग्य. येथे काही उत्साही मंडळी सुश्रुताच्या १०७ मर्मांचा दाखला देऊन सूचिवेध मूळचा भारतीयच असल्याचे सांगतात. देशाभिमान स्तुत्य आहे, पण आधार लटका आहे. सुश्रुताने मर्मे सांगितली ती तेथे आघात होऊ नये, शस्त्र लागू नये म्हणून. टोचावयाच्या जागा आणि टाळावयाच्या जागा ह्यांची सरमिसळ करणे हा सुश्रुतावरही अन्याय होय.

वेदना कमी होते ती कशी

ह्या प्रश्नाचा शास्त्रीय शोध १९७० नंतर जोमाने सुरू झाला. १९७१ च्या उन्हाळ्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगमध्ये असताना त्यांचे आंत्रपुच्छ सुजले. शस्त्रक्रिया नेहमीच्या बधिर करणाऱ्या औषधांनीच झाली; पण दुसऱ्या दिवशी पोटात वायू धरून त्यांना अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा सुया टोचून व शेक देऊन त्यांना आराम देण्यात आला. त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि पाश्चात्त्य जगात एकच कुतूहल उसळले. (रेस्टन यांची शस्त्रक्रियाच सुयांच्या गुंगीत झाली, ही आवृत्ती अजूनही ऐकू येते. ती खरी नाही.)

पेकिंगमध्ये हान चि-शेंग यांच्या गटाने सशांवर एक साधा पण चतुर प्रयोग केला. सुया टोचलेल्या सशाच्या मेंदूभोवतालचा द्रव काढून तो न टोचलेल्या सशाच्या मेंदूत सोडला, तर दुसऱ्या सशाचीही वेदना सहन करण्याची शक्ती वाढली. याचा अर्थ असा की सुईमुळे मेंदूत काहीतरी रासायनिक द्रव्य उत्पन्न होत असले पाहिजे. त्याच दशकात शरीर स्वतःच अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये तयार करते, असा शोध लागला. नॅलॉक्सोन नावाचे औषध अफूचा परिणाम उतरवते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांच्या दातांत कृत्रिम वेदना उत्पन्न करून सूचिवेधाने ती कमी केली व नंतर नॅलॉक्सोन दिले. वेदनेतील उतार नाहीसा झाला. सुई आणि शरीरातील अफू यांचा संबंध असा उघडकीस आला.

ह्याच्याही आधी, १९६५ साली, मेल्झॅक व वॉल ह्या दोघा शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली होती. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना जणू एक फाटक असते, आणि स्पर्शाचे संदेश तेथे आले की ते फाटक काहीसे मिटते. मूल पडले की आई लागलेली जागा चोळते. तिला मेल्झॅक ठाऊक नसतो, पण ती करते ते बरोबरच असते. सुईचा परिणाम काही अंशी ह्याच मार्गाने होत असावा. पुढे २०१० साली उंदरांवरील प्रयोगांत सुई टोचून फिरवल्यास त्या जागेच्या ऊतींत ॲडेनोसीन हे द्रव्य वाढते व ते तेथील वेदना कमी करते, असे दिसून आले. ते द्रव्य ओळखणारे ग्राहकच ज्या उंदरांत नव्हते, त्यांना सुईचा काही उपयोग झाला नाही.

म्हणजे सुई टोचल्याने शरीरात काहीतरी घडते, ह्यात शंका नाही. पण काहीतरी घडणे निराळे आणि रोग बरा होणे निराळे.

खोट्या सुईची परीक्षा

कोणत्याही उपचाराची खरी परीक्षा तुलनेने होते. गोळीची परीक्षा करताना अर्ध्या रोग्यांना खरी व अर्ध्यांना तशीच दिसणारी पिठाची गोळी देतात. सुईच्या बाबतीत हे कसे साधावे? टोचले की नाही हे रोग्याला कळणारच. त्यावर जर्मनीत १९९८ साली एक युक्ती निघाली. नाटकातील खंजीर जसा मुठीत सरकतो, तशी बोथट सुई आपल्या दांड्यात सरकते. टोचल्यासारखे वाटते, पण ती आत शिरत नाही. दुसरी रीत अशी की सुई खरीच, परंतु बिंदू सोडून भलत्याच जागी व अगदी वरवर टोचावयाची.

ह्या दुसऱ्या रीतीने जर्मनीत झालेली एक मोठी परीक्षा विशेष बोधप्रद आहे. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रोगी निवडून त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटास परंपरेप्रमाणे सूचिवेध, दुसऱ्यास भलत्या जागी वरवरच्या सुया, आणि तिसऱ्यास औषधे, व्यायाम व अंगमर्दन असा नेहमीचा उपचार दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ४७.६ टक्के, दुसऱ्यातील ४४.२ टक्के, आणि तिसऱ्यातील अवघ्या २७.४ टक्के रोग्यांना गुण आला होता.

हे आकडे दोन्ही पक्षांना अडचणीत टाकणारे आहेत. सूचिवेध निव्वळ थोतांड आहे असे म्हणणाऱ्याला हे सांगावे लागेल की नेहमीच्या उपचारापेक्षा त्याने कितीतरी अधिक लोकांना बरे कसे वाटले. आणि बिंदू व वाहिन्या अचूक आहेत असे म्हणणाऱ्याला हे सांगावे लागेल की भलत्या जागी टोचूनही जवळजवळ तितकाच गुण का यावा. जर्मन विमासंस्थांनी ह्या वादात न पडता जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज ह्यांसाठी सुयांचा खर्च देण्यास आरंभ केला.

पुढे अनेक देशांतील ३९ परीक्षा व २०,८२७ रोगी एकत्र घेऊन २०१८ साली हिशेब मांडला गेला. पाठ, मान व खांदा यांचे जुनाट दुखणे, सांध्यांची झीज व डोकेदुखी ह्यांत खरी सुई खोट्या सुईपेक्षा सरस ठरली, मात्र थोडक्याच फरकाने; मुळीच सुया न घेणाऱ्यांच्या तुलनेत फरक बराच मोठा होता. मिळालेला आराम वर्षभरानंतरही बव्हंशी टिकून राहिला. अर्धशिशीचे झटके सूचिवेधाने विरळ होतात, असे २०१६ च्या एका पाहणीत २२ परीक्षांवरून दिसले. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर 'आतल्या दरवाज्या'चा उपयोग होतो, हेही पुष्कळ परीक्षांत आढळले आहे. ब्रिटनमधील शासकीय आरोग्य-सल्लागार संस्थेची धरसोड मात्र पाहण्यासारखी आहे. २००९ साली तिने कंबरदुखीसाठी सूचिवेध सुचवला, २०१६ साली ती शिफारस मागे घेतली, आणि २०२१ साली दीर्घकालीन वेदनेच्या एका वर्गासाठी त्यास पुन्हा मान्यता दिली. पुरावा काठावर असला म्हणजे शहाण्यांचेही असे होते.

उलटपक्षी, रक्तदाब कायमचा उतरतो, तंबाखूचे व्यसन सुटते इत्यादी दाव्यांना परीक्षांत टिकेल असा आधार मिळालेला नाही. मधुमेहाची गोळी किंवा रक्तदाबाची गोळी सुईच्या भरवशावर बंद करणे ही शुद्ध आत्मघाताची वाट होय.

'समग्र' म्हणजे काय

सूचिवेधाचे पुरस्कर्ते त्यास 'समग्र चिकित्सा' म्हणतात. ह्या शब्दाचा पुष्कळ दुरुपयोग होतो. तरी त्यात एक तथ्य आहे. सूचिवेधक रोग्याची जीभ पाहतो, दोन्ही हातांच्या नाड्या बोटांखाली घेतो. झोप, भूक, मन, घरातील काळज्या यांची चौकशी करतो. हे सर्व होईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. सार्वजनिक रुग्णालयाच्या रांगेत तीन तास उभे राहून दोन मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर पडलेल्या रोग्याला ह्या पाऊण तासाची किंमत सांगावी लागत नाही.

ही किंमत मोजण्याचाही प्रयत्न झाला आहे. आतड्यांच्या चिवट तक्रारीने त्रासलेल्या २६२ रोग्यांवर अमेरिकेत एक परीक्षा झाली. २००८ साली ती प्रसिद्ध झाली. एका गटाला नुसते प्रतीक्षायादीत ठेवले. दुसऱ्याला खोट्या सुया, पण उपचारक जवळजवळ मुका. तिसऱ्याला त्याच खोट्या सुया, पण उपचारक प्रेमळ, आस्थेने विचारपूस करणारा. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के निघाले. सुई कोणाचीच खरी नव्हती. सूचिवेधाच्या यशातला एक वाटा सुईचा नसून मंचकाशेजारी बसलेल्या माणसाचा आहे, असा ह्याचा अर्थ होतो. आणि तो वाटा कोणत्याही पद्धतीच्या डॉक्टरला विनामूल्य उपलब्ध आहे.

परवाना व सुरक्षितता

महाराष्ट्राने २०१५ साली सूचिवेधासाठी स्वतंत्र अधिनियम केला आणि त्यानुसार उपचारकांच्या नोंदणीसाठी परिषद स्थापन झाली. पश्चिम बंगालने असा कायदा १९९६ सालीच केला होता. २०१९ साली केंद्र शासनाच्या आरोग्य संशोधन विभागानेही ह्या पद्धतीस मान्यता दिली. परंतु महाराष्ट्राच्या परिषदेचा अधिकार महाराष्ट्रापुरताच. गोंदिया ओलांडून गाडी दुर्गकडे निघाली की तो मागे राहतो. म्हणून रिसालीतील रोग्याने भिंतीवरचे प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे आहे, किती काळाच्या शिक्षणाचे आहे, हे स्वतः विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच कसला?

योग्य हातात हा उपचार बराच निर्धोक आहे. थोडे रक्त येणे, काळानिळा डाग पडणे, क्वचित घेरी येणे ह्यापलीकडे सहसा काही होत नाही. धोका दोन ठिकाणी आहे. छातीवर वा खांद्याच्या वरच्या बाजूस सुई खोल गेली तर फुप्फुसाचे आवरण भेदले जाऊन फुप्फुस आकसते. उपचारानंतर दम लागला किंवा छातीत टोचू लागले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि वापरलेली सुई दुसऱ्याला टोचली तर काविळीचे विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातात. परदेशांत अशा साथी उद्भवलेल्या आहेत. सुयांचे बंद पाकीट आपल्यासमोर फोडले पाहिजे आणि काम झाल्यावर सुई टाकून दिली पाहिजे. ही अट नाकारणाऱ्याकडे जाऊच नये. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी व गर्भवतींनी ते आधीच सांगावे.

दुखणे जेव्हा निराळेच असते

छत्तीसगड आणि विदर्भ ह्या टापूत मात्र आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे, आणि ती परदेशी पुस्तकांत ठळकपणे सापडत नाही. ह्या प्रदेशात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार पुष्कळ प्रमाणात आढळतो. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल व सोलंकी ह्या डॉक्टरांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाकडे वैद्यक जगाचे लक्ष वेधले. तो काही एका जातीजमातीचा रोग नव्हे. आदिवासींत तो आहे, आणि गावोगावच्या इतर अनेक समाजांतही आहे. ह्या विकारात तांबड्या रक्तपेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. ज्या भागाचा रक्तपुरवठा अडतो, तो भाग असह्य दुखू लागतो. हाडे, सांधे, पाठ, पोट, छाती ह्यांपैकी कोठेही ही कळ उठते. उन्हातान्हात पाणी कमी पडले, थंडी बाधली, ताप आला, की ती उठण्याचा संभव वाढतो.

आता असा एक तरुण डोळ्यांपुढे आणावा. वय बावीस-तेवीस. भट्टीजवळच्या कामावर आहे. अधूनमधून सांधे दुखतात, कधी डोळे पिवळे दिसतात, आणि अलीकडे एक खुबा सतत दुखतो. घरची माणसे 'वात आहे' म्हणतात. तो सुया घेतो. मेंदूतील अफू आपले काम करते व त्याला खरोखरच बरे वाटते. हेच बरे वाटणे येथे घातक. सुईने कळ मंदावली तरी वाकड्या पेशी सरळ होत नाहीत. रक्त न मिळाल्याने खुब्यातील हाडाचा गोळा हळूहळू मरत असतो, आणि तो खचल्यावर तरुण लंगडू लागतो, तेव्हा क्ष-किरण चित्र काढले जाते. सिकलसेलच्या रोग्याला ताप व छातीतील दुखणे एकदम सुरू झाले तर ती तासांची लढाई असते. तेथे प्राणवायू, सलाइन, प्रतिजैविके व कधी रक्त द्यावे लागते. अशा वेळी सुयांसाठी दवडलेला दिवस परत मिळत नाही. झटके विरळ करणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषध उपलब्ध आहे. ते वैद्यकीय देखरेखीखाली नियमित घेतले, पाणी भरपूर प्यायले व ताप अंगावर काढला नाही, तर अनेक रोग्यांचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते.

तेव्हा ह्या टापूतील तरुण माणसाने वारंवार होणाऱ्या सांधेदुखीवर सुई घेण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करून घ्यावी; आणि जाणत्या सूचिवेधकाने ती स्वतःहून मागावी. लहान मुलाचे हातपाय एकाएकी सुजून ते रडू लागले, तर त्यास सुया, डाग किंवा मालिश ह्यांपैकी काहीही न करता प्रथम रक्त तपासावे. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र शासनाने सिकलसेलच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केली. रायपूरलाही ह्या रोगासाठी स्वतंत्र संस्था आहे.

प्राथमिक चाचणी अगदी सोपी आहे. बोटातून काढलेले थोडेसे रक्त एका द्रावणात मिसळून नळी काही मिनिटे स्थिर ठेवतात. नळीच्या मागे काळ्या रेघा छापलेला कागद धरतात. रेघा स्पष्ट वाचता आल्या तर बहुधा चिंतेचे कारण नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर तो माणूस केवळ वाहक आहे की रोगी, हे ठरवण्यासाठी पुढील तपासणीकरिता रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतात.